ऑक्सिडायझिंग जंतुनाशकाने जंतू आणि स्पोअर खरंच मरतात का हे कसं तपासायचं: मायक्रो लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी-एमएस्सी करून फार्मा कंपनीच्या क्यूसीला (क्वालिटी कंट्रोलला) लागलात की कधी ना कधी हे काम तुमच्याकडे येणारच. सिनिअर एक फाईल हातात देतात आणि सांगतात, डिसइन्फेक्टंट व्हॅलिडेशन आहे, यावेळी तू कर. कॉलेजात फिनॉल कोइफिशंट शिकवलेला असतो पण स्पोअरवर (काही जंतूंच्या सुप्त, चिवट रूपावर) हायपोक्लोराइट किंवा परॲसिटिक ॲसिड लावून मोजायचं कसं हे कुणी हाताला धरून दाखवलेलं नसतं, आणि स्टँडर्डची भाषा अशी की तीनदा वाचलं तरी नेमकं आधी काय करायचं ते कळत नाही. मी ही टेस्ट करत आलोय आणि नवीन मुलामुलींना शिकवतही आलोय, त्यामुळे सगळे कुठे अडकतात ते माहितीय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. प्लेटवर झिरो कॉलनी आली म्हणजे स्पोअर मेले असा अर्थ लगेच होत नाही. केमिकल प्लेटपर्यंत सोबत गेलं असेल तर स्पोअर जिवंत असूनही उगवत नाहीत, आणि तुम्ही खुशीत रिपोर्ट लिहून मोकळे. ऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन करून मारणारं जंतुनाशक, ठरलेल्या मिनिटाला थांबवला आणि तो थांबला हे सिद्ध केलं तरच ती टेस्ट आहे. बाकीची सगळी मेहनत याच्याभोवती आहे.

१. कशाशी गाठ आहे ते आधी समजून घ्या

लॅबमध्ये नेहमी भेटणारे ऑक्सिडंट म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, हायड्रोजन पेरॉक्साइड, परॲसिटिक ॲसिड आणि क्लोरीन डायऑक्साइड. ओझोनही याच घरातला, पण तो पाण्याच्या सिस्टीमला जास्त. परॲसिटिक बाजारात जवळजवळ नेहमी पेरॉक्साइडसोबतच येतं कारण द्रावणात ते दोघं समतोलात असतात. हे लक्षात ठेवा, पुढे न्यूट्रलायझरच्या, म्हणजे जंतुनाशक थांबवणाऱ्या केमिकलच्या, वेळी लागेल.

साधे जंतू म्हणजे व्हेजिटेटिव्ह सेल या केमिकल्सपुढे फार टिकत नाहीत. स्पोअर, म्हणजे आपल्या पुस्तकातले बीजाणू, ही वेगळीच गोष्ट आहे. बाहेर प्रोटीनचे थरावर थर असलेला कोट, हा कोटच बराचसा ऑक्सिडंट खाऊन संपवतो, त्याच्या आत पेप्टिडोग्लायकनचा कॉर्टेक्स, मग आतली मेम्ब्रेन जिच्यातून काहीच सहज आत जात नाही, आणि गाभ्यात पाणी कमी, कॅल्शियम डायपिकोलिनेट भरलेलं आणि डीएनएला छोटी प्रोटीन चिकटलेली. कोट काढून टाकलेले स्पोअर हायपोक्लोराइटला पटकन मरतात यावरूनच कळतं की तो कोट किती काम करतो. १८७६ साली फर्डिनांड कोनने गवताच्या काढ्यातले बॅसिलस सबटिलिसचे स्पोअर उकळूनही जगतात हे दाखवलं होतं, आणि आज दीडशे वर्षांनी आपण तोच जीव टेस्टला वापरतो.

७०% आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) किंवा क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशक) स्पोअर मारत नाहीत. म्हणूनच युरोपच्या जीएमपीचं (औषध बनवण्याच्या नियमांचं) ॲनेक्स १, जे २०२२ ला सुधारून आलं आणि ऑगस्ट २०२३ पासून लागू झालं, त्यात ठराविक काळाने स्पोरिसायडल (स्पोअर मारणारं) एजंट वापरायलाच सांगितलंय. एक्स्पोर्टवाल्या कंपन्यांत ऑडिटर हा डेटा मागतोच.

२. सामान आणि कागदं

सामान जमवायला लागायच्या आधी कागदं जमवा, कारण टेस्ट झाल्यावर शोधायला गेलं की हमखास एखादं मिळत नाही.

- अप्रूव्ह झालेला प्रोटोकॉल. कोणतं स्टँडर्ड, कोणता जीव, किती पीपीएम (दहा लाखात किती भाग), किती मिनिटं आणि पास म्हणजे किती लॉग (१ लॉग म्हणजे दहापट घट, ३ लॉग म्हणजे हजारपट) हे सगळं आधी लिहिलेलं हवं. रिझल्ट बघून क्रायटेरिया ठरवणं म्हणजे सरळसरळ डेटा इंटिग्रिटीचा विषय.
- जंतुनाशकाचा सीओए (तपासणीचं सर्टिफिकेट), बॅच नंबर, एक्स्पायरी, एमएसडीएस (सुरक्षेचं माहितीपत्रक)
- कल्चरचं सर्टिफिकेट आणि पॅसेज रेकॉर्ड (कल्चर नव्या मीडियावर एकदा वाढवलं की एक पॅसेज; मूळ कल्चरपासून पाच पॅसेजच्या पुढे जाऊ नका)
- मीडियाचा ग्रोथ प्रमोशन टेस्टचा (त्यावर जंतू नीट वाढतात का याचा) रेकॉर्ड
- पिपेट, टायमर, थर्मामीटर, वॉटर बाथ, इनक्युबेटर यांचं कॅलिब्रेशन
- एससीडीए (सोयाबीन केसीन डायजेस्ट अगार) प्लेट्स, स्टराइल पाणी, निर्जंतुक टेस्ट ट्यूब, सायक्लोमिक्सर (ट्यूब घुसळायचं यंत्र)
- बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, म्हणजे घाणीची नक्कल करायला
- सोडियम थायोसल्फेट, कॅटलेज, किंवा तयार डे-एंग्ली ब्रॉथ (न्यूट्रलायझर असलेला मीडिया)
- पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च, ॲसेटिक ॲसिड, ०.१ नॉर्मल थायोसल्फेट (टायट्रेशनसाठी)
- पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चच्या पट्ट्या आणि पेरॉक्साइडच्या पट्ट्या

कल्चर एनसीआयएम, म्हणजे पुण्याच्या एनसीएलमधून, किंवा चंदीगडच्या एमटीसीसीकडून मिळतं. स्पोअरसाठी बॅसिलस सबटिलिस एटीसीसी (अमेरिकेतला कल्चर संग्रह) ६६३३ चा समकक्ष स्ट्रेन मागवा. साध्या जंतूंमध्ये स्टॅफ ऑरियस, ई. कोलाय आणि स्यूडोमोनास हे नेहमीचे तीन. क्लीनरूममधून सापडलेला तुमचा स्वतःचा एन्व्हायर्नमेंटल आयसोलेट पण घ्या, ऑडिटरला त्यात जास्त रस असतो आणि मला विचाराल तर बरोबरच आहे त्याचं, तुमच्या भिंतीवर बसलेला जंतूच तुम्हाला मारायचाय ना.

३. केमिकलची ताकद त्याच दिवशी मोजा

बाटलीवर ५% लिहिलंय म्हणून ५% धरून चालू नका. हायपोक्लोराइट उजेडात आणि उष्णतेत उतरत जातं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये कॅन उभे असतील तर विचारूच नका. समजा लेबल ५%, म्हणजे ५०,००० पीपीएम. तुम्हाला १००० पीपीएम हवंय म्हणून पन्नासपट डायल्यूट केलं. पण प्रत्यक्षात कॅनमध्ये ३.२% च उरलंय, तर तुमच्या हातात ६४० पीपीएम आहे. टेस्ट फेल होणार आणि दोष प्रॉडक्टला लागणार.

टायट्रेशन अवघड नाही. कोनिकल फ्लास्कमध्ये ५० मिली पाणी घ्या, त्यात साधारण २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा, मग १ मिली हायपोक्लोराइट टाका आणि सगळ्यात शेवटी ॲसेटिक ॲसिड. हा क्रम उलटा करायचा नाही. आयोडाइड आधी नसेल आणि ॲसिड थेट हायपोवर पडलं तर क्लोरीन गॅस सुटतो, त्यामुळे हे फ्युम हूडमध्येच. गडद तपकिरी रंग येतो. ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करत जा, रंग उतरत उतरत फिक्कट पिवळा झाला की मगच स्टार्च टाका, निळंजांभळं होईल, आणि तो रंग गेला की एंड पॉइंट. स्टार्च आधीच टाकलं तर आयोडिन त्याला धरून बसतं आणि एंड पॉइंट घसरतो. १ मिली थायोसल्फेट म्हणजे ३.५४५ मिग्रॅ अव्हेलेबल क्लोरीन. खरोखर ५% असेल तर रीडिंग १४.१ मिलीच्या आसपास येतं, यावरून लगेच अंदाज घेता येतो.

पेरॉक्साइडला पोटॅशियम परमँगनेट, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, ०.१ नॉर्मलचा १ मिली म्हणजे १.७०१ मिग्रॅ पेरॉक्साइड. परॲसिटिकला दोन टप्पे लागतात, आधी थंड ठेवून सेरिक सल्फेटने पेरॉक्साइड संपवायचं आणि मग आयोडाइड टाकून परॲसिटिक मोजायचं. पहिला टप्पा गाळला तर पेरॉक्साइडही परॲसिटिक म्हणून मोजलं जातं आणि आकडा फुगतो.

पीएच पण लिहून ठेवा. हायपोक्लोरस ॲसिडचा पीके ७.५ च्या जवळ आहे, त्याच्या खाली मारणारं रूप जास्त आणि वर गेलात की कमजोर हायपोक्लोराइट आयन जास्त. एकाच पीपीएमचे दोन ब्रँड स्पोअरवर वेगवेगळे का वागतात याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. पण म्हणून स्वतःच्या मनाने हायपोमध्ये ॲसिड ओतून पीएच खाली आणू नका, आणि अमोनियावालं क्लीनर तर जवळही नको.

वर्किंग सोल्युशन ज्या दिवशी टेस्ट त्याच दिवशी बनवा. आणि पेरॉक्साइड-परॲसिटिकच्या बाटलीचं झाकण गच्च बंद करू नका, ऑक्सिजन सुटत असतो, प्रेशर येतं. कंपनीचं व्हेंटवालं झाकण असतं तेच ठेवा.

४. न्यूट्रलायझर, इथेच टेस्ट जमते किंवा बिघडते

क्लोरीनला सोडियम थायोसल्फेट चालतं, ०.५% च्या आसपास सुरुवात करा. पेरॉक्साइडला एकटं थायोसल्फेट पुरत नाही, न्यूट्रल पीएचला त्यांची रिॲक्शन खूप हळू होते, त्यामुळे कॅटलेज हवंच. परॲसिटिकच्या प्रॉडक्टमध्ये दोन्ही केमिकल्स असतात म्हणून न्यूट्रलायझरही दोन्ही, थायोसल्फेट आणि कॅटलेज. नवीन लोक इथे हमखास फसतात, परॲसिटिक थांबलं म्हणजे झालं असं वाटतं आणि मागे पेरॉक्साइड तसंच राहतं.

कॅटलेज टाकल्यावर ट्यूबमध्ये भराभर बुडबुडे येतात, फेस वर चढतो. झाकण सैल ठेवा आणि ट्यूब थोडी मोठी घ्या, नाहीतर सॅम्पलच बाहेर येतं.

आता हे सिद्ध करायचं. तीन कंट्रोल लावा आणि मेन टेस्टच्या आधी लावा:

पहिला, नुसत्या न्यूट्रलायझरमध्ये थोडे जंतू (प्लेटला शंभराच्या आत येतील इतकेच) टाकून बघा ते उगवतात का. न्यूट्रलायझर स्वतःच विषारी नको. थायोसल्फेट जास्त झालं तर स्टॅफला त्रास होतो, म्हणून जितकं जास्त तितकं चांगलं असं नाही.

दुसरा, जंतुनाशक आणि न्यूट्रलायझर एकत्र करा, पाच मिनिटं थांबा, मग जंतू टाका आणि प्लेट लावा. जंतू पूर्ण उगवले तर केमिकल खरंच थांबलंय.

तिसरा, नुसतं पाणी आणि जंतू, तुलनेसाठी.

पहिले दोन तिसऱ्याच्या निम्म्याच्या खाली आले तर न्यूट्रलायझर बदला, पुढे जाऊच नका. पट्टीने पण चेक करता येतं, न्यूट्रलाइझ केलेल्या ट्यूबमध्ये आयोडाइड-स्टार्चची पट्टी बुडवली आणि निळी झाली तर ऑक्सिडंट शिल्लक आहे, पेरॉक्साइडसाठी त्याची वेगळी पट्टी. पट्टी झटपट अंदाजासाठी आहे, प्लेटचा पुरावा तो खरा.

५. स्पोअर सस्पेन्शन

नवीन असाल तर सर्टिफाइड तयार सस्पेन्शन विकत घ्या. घरी बनवलेल्या लॉटमध्ये एकसारखा रेझिस्टन्स आणणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, ते शिकेपर्यंत तुमचं व्हॅलिडेशन रखडेल. २ ते ८ डिग्रीला ठेवा.

वापरायच्या आधी तीन गोष्टी बघा. मॅलकाइट ग्रीनने स्टेन करा, स्पोअर हिरवे आणि सेल सॅफ्रॅनिनने गुलाबी, फील्डमध्ये जवळजवळ सगळं हिरवं दिसायला हवं. मग ८० डिग्रीला १० मिनिटं हीट शॉक द्या आणि आधीचा व नंतरचा काउंट घ्या, दोन्ही जवळपास सारखे आले तर सस्पेन्शन खरंच स्पोअरचं आहे. काउंट खूप पडला तर त्यात व्हेजिटेटिव्ह सेल भरलेत आणि तुमची टेस्ट सोपी होऊन बसेल. ट्यूबचा वरचा भाग पण पाण्याच्या पातळीखाली राहू द्या, भिंतीवर चिकटलेल्या थेंबाला तापमान लागत नाही.

तिसरं म्हणजे गुठळ्या. स्पोअर एकमेकांना चिकटतात, आणि न भिजवलेल्या साबुदाण्याच्या गोळ्यासारखं आत काही पोचत नाही. मग किल कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार किती उरले त्याचा आलेख, सुरुवातीला छान खाली जातो आणि शेवटी शेपटासारखा आडवा पडतो. सायक्लोमिक्सरवर नीट फिरवा, मायक्रोस्कोपखाली ओला थेंब बघा, गुठळ्या दिसल्या तर आधी त्या सोडवा.

६. प्रत्यक्ष टेस्ट

युरोपियन सस्पेन्शन टेस्टचा साचा असा आहे: १ मिली जंतू किंवा स्पोअर, १ मिली इंटरफिअरिंग सबस्टन्स (घाणीची नक्कल करणारं अल्ब्युमिन), दोन मिनिटं थांबा, मग ८ मिली जंतुनाशक टाकून टायमर चालू.

इथला सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे ८ मिली जंतुनाशक एकूण १० मिलीत जातं. म्हणजे तुम्हाला शेवटी १००० पीपीएम हवं असेल तर ट्यूबमध्ये टाकताना ते १२५० पीपीएम असलं पाहिजे. सव्वापट. हे विसरून लोक ८०० पीपीएमवर टेस्ट करतात आणि रिपोर्टमध्ये १००० लिहितात.

स्पोअरसाठीच्या ईएन १३७०४ या युरोपियन स्टँडर्डमध्ये सुरुवातीचं सस्पेन्शन मिलीला १५ ते ५० लाख स्पोअरचं, तापमान २० डिग्री, वेळ ६० मिनिटं आणि पास व्हायला ३ लॉग. साध्या जंतूंच्या ईएन १२७६ मध्ये सस्पेन्शन मिलीला १५ ते ५० कोटी, ५ मिनिटं आणि ५ लॉग. अल्ब्युमिन स्वच्छ परिस्थितीसाठी लिटरला ०.३ ग्रॅम आणि घाणेरड्या परिस्थितीसाठी ३ ग्रॅम, हे अंतिम मिश्रणातले आकडे आहेत, म्हणजे १ मिली टाकताना दहापट घट्ट हवं. क्लोरीनवर अल्ब्युमिनचा परिणाम फार जाणवतो, प्रोटीनच क्लोरीन खाऊन टाकतं. स्वच्छ कंडिशनला पास आणि घाणेरड्याला फेल हा हायपोचा नेहमीचा अनुभव, त्यामुळे आधी डिटर्जंटने पुसून मग हायपो मारा असं एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) का असतं ते इथे आकड्यात दिसतं.

तापमानाबद्दल एक. २० डिग्री म्हणजे २०. साधा वॉटर बाथ गरम करतो, थंड करत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये लॅब २७ वर असेल तर केमिकल जास्त जोरात चालतं आणि तुम्हाला खोटा चांगला रिझल्ट मिळतो. चिलर असलेला बाथ घ्या आणि सगळी सोल्युशन्स आधी त्यात ठेवून २० वर आणा, नुसती टेस्ट ट्यूब ठेवून उपयोग नाही.

मी एकाच वेळेवर कधीच थांबत नाही. १, ५, १०, ३० आणि ६० मिनिटं असे सॅम्पल काढा. नुसतं ६० ला पास झालं तर क्लीनरूममध्ये एक तास फरशी ओली कशी ठेवणार? खरा प्रश्न असतो तो १० मिनिटांचा. कर्व्ह असला की कुठे कमी पडतंय ते दिसतं.

प्रत्येक वेळेला १ मिली मिश्रण काढून ८ मिली न्यूट्रलायझर आणि १ मिली पाण्यात टाका, लगेच मिसळा, पाच मिनिटं थांबा, मग १ मिलीच्या दोन-दोन प्लेट्स आणि पुढची डायल्यूशन. १ मिनिटाच्या सॅम्पलला दोन माणसं लागतात, एक टायमरवर आणि एक पिपेटवर. एकट्याने करायला जाऊ नका, १० सेकंदांचा उशीरही तिथे मोठा असतो.

एससीडीएला ३०-३५ डिग्रीला इनक्युबेट करा, आणि स्पोअरच्या प्लेट्स दोन दिवसांत फेकू नका. ऑक्सिडंटने जखमी झालेले स्पोअर उशिरा उगवतात. पाच दिवस ठेवा आणि मधे मधे बघून मार्क करत जा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारीक टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी दिसतात त्या मोजायच्या असतात.

७. गणित

उदाहरण घेऊ. स्पोअर सस्पेन्शन मिलीला ३० लाख. १ मिली १० मध्ये गेलं म्हणून मिश्रणात मिलीला ३ लाख, लॉग ५.४८. दहा मिनिटांनंतर न्यूट्रलाइझ केलेल्या ट्यूबच्या १ मिलीत ३६ कॉलनी. न्यूट्रलायझरने दहापट डायल्यूट झालं म्हणून मिश्रणात ३६०, लॉग २.५६. वजा केलं तर रिडक्शन २.९२.

टक्क्यात काढलं तर ९९.८८% मेले. लेबलवर हा आकडा झकास दिसेल, पण ३ लॉगच्या क्रायटेरियाला हा फेल आहे. म्हणून टक्क्यांवर कधीच विश्वास ठेवू नका, लॉग विचारा आणि सुरुवातीला किती होते तेही विचारा.

आणि प्लेट झिरो आली तर रिडक्शन "पूर्ण" असं लिहायचं नाही. न्यूट्रलायझरच्या १ मिलीत शून्य म्हणजे मिश्रणात मिलीला १० पेक्षा कमी, म्हणून वरच्या उदाहरणात उत्तर "४.४८ पेक्षा जास्त" असं येतं. तेवढंच सांगायचा हक्क तुमच्या टेस्टला आहे.

८. सरफेस टेस्ट

सस्पेन्शन पास झालं की काम निम्मं झालं. क्लीनरूममध्ये जे पृष्ठभाग आहेत त्यांचे तुकडे, म्हणजे कूपन, घ्या: एसएस ३१६, इपॉक्सी, व्हिनाइल, काच, पडद्याचं पीव्हीसी. त्यावर स्पोअर टाकून वाळवा, जंतुनाशक लावा, वेळ झाली की न्यूट्रलायझरमध्ये काढा. वाळवल्यावर जंतुनाशक न लावलेल्या कूपनवरून किती परत मिळतात हा रिकव्हरी काउंटच तुमचा सुरुवातीचा आकडा, टाकलेला आकडा नाही. स्यूडोमोनास आणि ई. कोलाय वाळवतानाच बरेच मरतात आणि तो मोठेपणा जंतुनाशकाला द्यायचा नाही. वापरून खरखरीत झालेल्या इपॉक्सीचा तुकडा मिळाला तर जरूर घ्या, नव्या चकचकीत तुकड्यापेक्षा त्यावर रिझल्ट खाली येतो आणि खरी फरशी तशीच असते.

९. आवरताना

स्पोअरचं काम स्टेरिलिटी टेस्टच्या रूममध्ये किंवा तिथल्या लॅमिनारमध्ये करायचं नाही, वेगळं बायोसेफ्टी कॅबिनेट घ्या. बॅसिलस सबटिलिस माणसाला आजारी पाडणारा नाही, पण एकदा लॅबमध्ये पसरला की महिनोनमहिने एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंगच्या प्लेट्सवर येत राहतो आणि प्रत्येक वेळी तपास लागतो. कॅबिनेट आयपीएने पुसून भागत नाही, स्पोरिसायडलच लावा आणि पूर्ण काँटॅक्ट टाइम ओलं राहू द्या, नंतर पाण्याने पुसा नाहीतर हायपोने एसएसवर गंजाचे डाग पडतात. वापरलेल्या ट्यूब, प्लेट्स, टिप्स सगळं १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह, पण त्याआधी ट्यूबमधलं क्लोरीन थायोसल्फेटने संपवा, तसंच आत गेलं तर वाफेसोबत क्लोरीन बाहेर येतो आणि ऑटोक्लेव्हची आतली भिंतही खराब होते.

काम झाल्यावर कॅबिनेटमध्ये दोन सेटल प्लेट्स चार तास उघड्या ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू करायच्या आधी परत दोन. त्यावर सपाट, कोरड्या, कडा वेड्यावाकड्या असलेल्या पांढुरक्या कॉलनी दिसल्या तर ग्रॅम स्टेन करून बघा, ग्रॅम पॉझिटिव्ह रॉड निघाले तर कॅबिनेट परत स्पोरिसायडलने करा, आणि प्लेट्स क्लिअर येईपर्यंत पुढचा रन लावू नका.